बाकी

सावद्याच्या बाहेर, फैजपूर रस्त्याला
केळी पिकवायच्या चार खोल्या.
बाहेर मे महिना, रात्री अकरालाही पत्रा हात लावू देत नाही.
आत सोळा अंश.
माझं काम एवढंच: तासातासाला आकडा बघायचा,
वहीत मांडायचा, सही करायची, न. मो. भिरूड.
मधली एकोणसाठ मिनिटं माझी.

त्या मिनिटांत लिहिली बारा ओळींची स्क्रिप्ट,
मालकाच्या जुन्या कॉम्प्युटरवर,
ज्याच्या बटणांवर केळीच्या चिकाचे डाग
आणि चीक म्हणजे जन्माचा डाग.
आकड्याला दारात उभं करायचं, विचारायचं,
दोनाने जातोस? तीनाने? पाचाने?
गेला तर गेला.
कुणालाच जात नाही, तो आत.

शाळेत एका तासात उरकलेल्या मूळ संख्या
बावीस वर्षांनी परत आल्या
आणि या वेळी कुणालाच घाई नव्हती.

पहिल्या रात्री लाखापर्यंत मोजल्या:
नऊ हजार पाचशे त्र्याण्णव.
पुस्तकात ब्याण्णव.
तीन वाजेपर्यंत शोधत बसलो.
एकालाच आत घेतलं होतं मी,
त्याच्या खाली विचारायला कुणी नव्हतं म्हणून.
हाकलला.
थोडं वाईट वाटलं.

मग नादच लागला.
एकशेतेरानंतर थेट एकशेसत्तावीस,
मधले तेराच्या तेरा कुणाच्या ना कुणाच्या पाढ्यातले.
आणि कुठे सतरा-एकोणीस, एकोणसाठ-एकसष्ट,
वाटणी झालेल्या भावांसारखे,
मधे एकाच बांधाचं अंतर.

शेवटचे अंक काढले. एक, तीन, सात, नऊ,
चौघांचा वाटा जवळपास सारखा.
पण एकावर संपणाऱ्याच्या मागोमाग
परत एकावरच संपणारा
शंभरात पंचवीसदा यायला हवा
तर सोळादाही येईना.
स्क्रिप्ट दोनदा तपासली, चूक नव्हती.
जेवून उठलेला माणूस लगेच पाटावर बसत नाही,
तसं काही असेल.
नसेलही. कारण सांगायला बारा ओळी पुरत नाहीत,
मीही पुरत नाही.

एका रात्री लाईट गेली.
जनरेटरने खोल्या धरल्या, कॉम्प्युटर सोडला.
पडद्यावर कोणता आकडा उभा होता
अर्धवट विचारलेला,
आता आठवत नाही. त्याचं वाटतं कधीकधी.

जैतूनबी तडवी पहाटे चारला येते, रिकामे कॅरेट लावायला.
"काय मोजू राह्यला भाऊ, रातभर?"
म्हटलं, रांगेत न बसणारे आकडे.
कशाही रांगा लावा, शेवटची तुटकीच राहते.
"सांग बरं एखादा."
मी म्हटलं, एक्याण्णव.
पडद्यावर न बघता म्हटलं, तोंडावळ्यावरून.
तिने मोकळ्या जागेकडे पाहिलं, बोटं हलली.
"तेराच्या सात रांगा बसतात.
परवा लावल्या नं मी, इथंच."

स्क्रिप्टनेही मग तेच सांगितलं.

आज दिल्लीची गाडी भरून गेल्यावर
एकोणनव्वद कॅरेट उरले.
मी खिडकीतून बघत होतो, काही बोललो नाही.
तिने नवाच्या लावून पाहिल्या, मोडल्या.
साताच्या नाही. कमरेवर हात, जरा वेळ.
मग अकराच्या आठ, सरळ, ओळंबा धरल्यासारख्या,
आणि हातात राहिलेला एक
तिने उलटा केला,
पदराने पुसला,
त्याच्यावर बसली
आणि बशीत चहा ओतून घेतला.